हंगामी मजुरांची संघटना : आधी हजेरी, मग मागणी

प्रश्न : माझे वडील कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि युनियनचा नुसता फलक उरला. मी दिवाळीनंतर होळीपर्यंत जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात), पावसाळ्यात निंदण-डवरणाला आणि उरलेल्या काळात बांधकामावर जातो. दर वेळी ठेकेदार वेगळा असतो. अशा माणसांची संघटना होऊ शकते काय, आणि झालीच तर तिने आधी कोणते काम हाती घ्यावे?
— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : होऊ शकते, मात्र वडिलांच्या युनियनची नक्कल करून नव्हे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये 1877 साली मजुरीच्या दरावरून झालेला संप देशातील अगदी सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक मानला जातो. परंतु ती एकाच फाटकातून आत जाणारी, एकाच हजेरीपटावरची माणसे होती. तुमचे फाटक वर्षातून तीनदा बदलते. म्हणून सभासदत्व कारखान्याला न बांधता तालुक्याला बांधावे, म्हणजे जिनिंगचा हंगाम सरला तरी माणूस सभासद राहील.

पहिले काम पुराव्याचे. बांधकाम कामगारांना योजनांचा लाभ देणाऱ्या सरकारी मंडळात नाव नोंदवण्यासाठी मागील वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नेमका तोच आपल्याकडे अडतो, कारण ठेकेदाराकडे तुमचे नाव कुठेच लिहिलेले नसते. संघटनेने प्रत्येक गावात एक वही ठेवून त्यात तारीख, काम, ठेकेदाराचे नाव आणि मिळालेला चुकारा लिहावा. कापूस वेचणाऱ्या बायांचीही नोंद त्याच वहीत हवी. 1948 साली किमान वेतन कायदा झाल्यापासून शेतमजुरीला किमान वेतनाचे संरक्षण आहे, पण किलोच्या भावाने झालेल्या वेचणीची दिवसाची मजुरी किती पडली, हे वहीशिवाय कळत नाही. (भाषण करणारे आपल्याकडे पुष्कळ सापडतात, वही लिहिणारी दहावी झालेली मुलगी शोधा.)

संघटनेच्या नोंदणीचा अर्ज सात जणांना करता येतो. मात्र त्या उद्योगातील किमान 10 टक्के किंवा 100 कामगार, यांपैकी कमी असेल ती संख्या सभासद असावी लागते. जुन्या कामगार संघटना कायद्यात 2001 च्या दुरुस्तीने आलेली ही अट 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे संघटना आणि संप यांविषयीच्या नव्या कायद्यातही आहे. असंघटित क्षेत्रात किमान निम्मे पदाधिकारी त्या उद्योगात प्रत्यक्ष काम करणारे असावे लागतात, तेव्हा सगळी पदे शहरातल्या वकिलांना देऊ नका.

याच संहितेनुसार संपापूर्वी किमान 14 दिवसांची नोटीस आवश्यक आहे. जिनिंगचा हंगामच चार-पाच महिन्यांचा असल्याने भर हंगामात भांडण काढण्यापेक्षा मालक आणि ठेकेदार यांचे दर ठरण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आधी, मागणीपत्र देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पहिली बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी निरनिराळ्या ठेकेदारांकडची माणसे एकाच ठिकाणी भेटतात.