आधी त्याला नीट मार खाऊ दे

अगं, स्क्रिप्ट रात्रीच वाचून काढली. दोन-तीन ठिकाणी एकटाच मोठ्याने हसलो, ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये मास्क लपवण्याचं प्रकरण तर एकदम झकास जमलंय. पण नवव्या पानावरचा राडा आला आणि माझा इंटरेस्टच गेला, कारण तुझा कुरिअरवाला पोरगा आयुष्यात पहिल्यांदा मास्क घालतो, पहिल्याच रात्री चार जणांना लोळवतो आणि सकाळी परत पार्सलं वाटत फिरतोय, ना कुठे सूज ना कुठे साधं खरचटलेलं. मग हा साधा माणूस कसला? हा नेहमीचाच हिरो, फक्त पगार कमी.

रेफरन्स म्हणून किक-अ‍ॅस लिहिलंयस, चांगलंय. पण त्यातला रक्तपात उचललास आणि त्याची किंमत तिथेच सोडून आलीस. परत बघ, 2010 चा पहिला पिक्चर, दिग्दर्शक मॅथ्यू वॉनचा. डेव्ह नावाचं न्यूयॉर्कमधलं शाळकरी पोरगं ऑनलाइन हिरवा वेटसूट मागवतं, दोन दंडुके घेतं आणि गाडी चोरणाऱ्या दोघांना अडवायला जातं. काय होतं? पोटात चाकू बसतो, तसाच धडपडत रस्त्यावर येतो तर एक गाडी उडवून निघून जाते. आणि जोक कुठे आहे बघ, चाकूत नाहीये. अँब्युलन्समध्ये अर्धमेला पडलेला असताना ह्याला टेन्शन कसलं तर ह्या ड्रेसबद्दल कोणाला कळू नये ह्याचं! त्यापायी तो नागडा सापडला अशी बातमी शाळेत पसरते, त्यावरून पोरं तो गे आहे असा भलताच अर्थ काढतात, आणि त्याच गैरसमजामुळे आवडती पोरगी मैत्री करायला येते. एका चाकूतून त्या लेखकांनी अर्ध्या पिक्चरचं कथानक काढलंय. तुझ्या चार गुंडांतून काय निघालं? काही नाही, पुढचा सीन.

बरं, नंतर त्याच्या हाडांत धातूच्या पट्ट्या बसतात, नसा बिघडल्याने दुखणं कमी जाणवतं, म्हणजे त्याची जी काय पॉवर आहे ती मार खाऊनच आलीय. आपल्याकडे मर्द को दर्द नहीं होता मध्ये वासन बालाने हेच दुसऱ्या टोकाने केलं, त्याच्या मुंबईतल्या पोराला जन्मापासूनच वेदना कळत नाहीत, पण म्हणून तो अजिंक्य नाही, अंगातलं पाणी कमी पडू नये म्हणून पाण्याची पिशवी पाठीला लावून फिरावं लागतं त्याला. ताकद दिलीस की लगेच तिची कटकट पण दे. कॉमेडी त्या कटकटीतच असते.

आता हिट-गर्लचं, म्हणजे त्याच पिक्चरमधल्या मास्कवाल्या, मारामारी करणाऱ्या लहान पोरीचं. तुझ्यात पण एक लहान मुलगी आहे आणि ती शिव्या देते म्हणून लोक हसतील असं तुला वाटतंय. हसतील, एकदा. पण किक-अ‍ॅसमधला बुलेटप्रूफ जॅकेटचा सीन काढून बघ. बाप अगदी मायेने पोरीला समजावतोय की गोळी लागली तरी फार काही वाटणार नाही, पोहायला शिकवताना समजावतात ना तसं, आणि धाडकन छातीत गोळी घालतो. पोरगी मागे उडून पडते. उठल्यावर चर्चा काय, तर आईस्क्रीम आणि बोलिंगची. हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात गोळा पण येतो, कारण निकोलस केज तो बाप वेडा म्हणून करतच नाही, चांगला बाप म्हणून करतो. अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने पिक्चरला एकच स्टार दिला होता, अकरा वर्षांच्या पोरीकडून हे सगळं करवून घेणं त्याला अजिबात पटलं नव्हतं. मला पिक्चर आवडतो, तरी त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, आणि तूही लावू नकोस, कारण उद्या निर्माता हेच विचारणार आहे आणि तेव्हा ‘अहो कॉमेडी आहे’ हे उत्तर चालत नाही. वॉनलाही स्टुडिओंनी ह्या पोरीपायी नकार दिले, त्याने बाहेरून पैसे उभे करून साधारण 3 कोटी डॉलरमध्ये पिक्चर केला. तिला काढलं असतं तर पिक्चरच उरला नसता. तुझी पोरगी काढली तर? आत्ता तरी काहीच बिघडत नाही, मी काढून वाचून बघितलं.

शेवटाची मात्र कॉपी मारू नकोस. जेटपॅकवर मशीनगन लावून डेव्ह उडत येतो तिथे थिएटरात शिट्ट्या पडतात हे खरं, पण माझ्या मते तिथे पिक्चर स्वतःचाच नियम मोडतो. त्याच्या आधीचा सीन खरा जबरदस्त आहे, हिट-गर्लचा बाप आणि डेव्हला गुंड बांधून मारतात ते लाइव्ह दाखवतात, टीव्हीवाले प्रक्षेपण बंद करतात तर लोक कॉम्प्युटरवर बघत बसतात, आणि तेवढ्यात आपल्या लक्षात येतं की तासभर आपण पण तेच करतोय. ते तुझ्याकडे आहे की! बिल्डिंगमधली माणसं गॅलरीतून व्हिडिओ काढतात, एका ओळीत उरकलंयस, तिथे पानभर थांब.

सगळी स्क्रिप्ट परत पाठवू नकोस. पहिली मारामारी आणि त्यानंतरची सकाळ, एवढंच लिही. हात मोडलाय, सुट्टी मिळत नाही, घरी आईला काय सांगायचं, हॉस्पिटलचं बिल कोण भरणार. रविवारपर्यंत पाठव, सोमवारपासून मी एडिटला बसतोय, मग फोन उचलणार नाही.