जीडीएसची (ग्रामीण डाक सेवकाची) बदली: आधी रिकामी जागा शोधा, मग अर्ज

प्रश्न थोडक्यात असा: घर लातूरकडे, नेमणूक दापोली तालुक्यातल्या एका बीओत (शाखा डाकघरात) एबीपीएम, म्हणजे सहायक शाखा पोस्टमास्तर म्हणून, आईवडील थकलेले. गावाजवळ बदली मिळेल का, आणि सिनिऑरिटी जाईल का?

सिनिऑरिटी जाते. हे आधीच सांगतो, कारण अर्ज करताना कुणी सांगत नाही आणि नंतर युनियनच्या बैठकीत आरडाओरडा होतो. एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) किंवा पोस्टमनच्या परीक्षेची पात्रता बघताना जुनी सेवा धरतात, तेवढी तुमच्या पदरात राहते. ज्येष्ठता यादीत मात्र नव्या युनिटमध्ये परवा लागलेल्या पोरीच्याही खाली तुमचं नाव. पुन्हा दापोलीला यायचं म्हटलं तर त्यावर हक्कही उरत नाही.

ग्रुपवर कुणीतरी 'रूल ३८ खाली अर्ज टाका' असं लिहिलंय. तो नियम खात्याच्या नियमित कर्मचाऱ्यांचा. आपण जीडीएस, आपल्याला मुळात बदलीच नाही. आहे ती विनंतीवरून मिळणारी मर्यादित सवलत, स्वतःच्या खर्चाने. प्रवासभत्ता नाही, सामान हलवायचे पैसे नाहीत. आयुष्यात किती वेळा मागता येते यालाही मर्यादा आहे आणि त्यात बायकांना पुरुषांपेक्षा जास्त मुभा आहे. संधींचा आकडा आणि किमान सेवेची अट वेळोवेळी बदलत आलीय, म्हणून दोन वर्षांपूर्वीचं व्हॉट्सॲपवरचं परिपत्रक धरून बसू नका. चौकशी चालू असेल किंवा पुट ऑफ (कामावरून तात्पुरते दूर ठेवलेले) असाल, तर आत्ता विषयच सोडा.

खरी अडचण जागेची. जागा रिकामी असेल तरच बदली होते, तुमच्यासाठी कुणाला उठवत नाहीत. दहावीच्या मार्कांवर ऑनलाइन निवड सुरू झाल्यापासून मराठवाड्यातली पोरं कोकणात लागतात, आणि जवळपास सगळ्यांनाच परत जायचं असतं. त्यामुळे 'लातूर डिव्हिजन, कुठंही चालेल' असा विचार असला तरी नुसतं म्हणून भागत नाही. तिकडच्या सब डिव्हिजनमध्ये कुणाची पासष्टी भरत आलीय, कोण पोस्टमन होऊन गेलं, कुठल्या बीओत तात्पुरता माणूस बसवून काम चाललंय, हे ओळखीच्या मेल ओव्हरसियरला (बीओंवर देखरेख ठेवत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा. त्याच्याइतकी माहिती पोर्टलवर मिळत नाही.

जागा सापडली की तिची टीआरसीए (कामाच्या तासांवर ठरणाऱ्या मानधनाची) पातळी बघा. २०१८ च्या सुधारणेपासून एबीपीएमला चार तासांच्या जागेवर सुरुवात १०,००० आणि पाच तासांच्या जागेवर १२,००० अशी आहे, वर महागाई भत्ता. पाच तासांवरून चार तासांच्या जागेवर गेलात तर पैसे कमी होतात. आईवडिलांजवळ राहायला मिळतं म्हणून बरेच जण तरी जातात, मीही तेच सांगेन. पण गृहकर्जाचा हप्ता चालू असेल तर आधी हिशेब करा. एबीपीएम असल्याचा एक फायदा मात्र आहे. बीपीएमला (शाखा पोस्टमास्तरला) नव्या गावात ऑफिससाठी खोलीही स्वतःच बघावी लागते, तुमची त्यातून सुटका. बीओच्या हद्दीत राहण्याची अट तुम्हालाही आहेच.

ऑर्डर आली की चार्ज देताना घाई करू नका. वाटपासाठी दिलेली स्पीड पोस्टची पाकिटं, मनीऑर्डरचे पैसे, व्याजाची नोंद करायला म्हणून खातेदारांकडून घेतलेली पासबुकं, आरपीएलआयचे (ग्रामीण टपाल जीवन विम्याचे) हप्ते, मशीन, सगळ्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पासबुक एखाद्या म्हातारीच्या घरी परत गेलं नसेल, तर सहा महिन्यांनी तक्रार येते ती तुमच्याच नावाने, आणि तेव्हा तुम्ही पाचशे किलोमीटरवर असता.

अर्जाला आईवडिलांचे दवाखान्याचे कागद जोडा. अर्जाची खिडकी उघडते तेव्हा थोडेच दिवस असते, ते कागद आत्ताच स्कॅन करून ठेवा.