स्टेन्सिल जाळू नका; आधी भिंत कोणाची ते बघू

प्रश्न : सहा महिन्यांपासून स्टेन्सिल ग्राफिटी, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग फवारून भिंतीवर चित्र काढणं, शिकतो आहे. घरी पुठ्ठ्यावर सराव करून पहिल्यांदाच भिंतीवर काम केलं. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक काका म्हणाले होते, ‘बाजूची भिंत मोकळीच आहे, काढ काय काढायचं ते.’ इंटरनेटवर सापडलेल्या फोटोवरून एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा दोन रंगांत काढला. आता कळलं की काका नुसते भाडेकरू आहेत. मालक म्हणतात, अख्खी भिंत रंगवून दे, नाहीतर पोलिसांत जातो. काकांनी कानावर हात ठेवलेत. मी खाली श्रेय देऊन ऑनलाइन टाकलेलं चित्र पाहून मूळ छायाचित्रकाराचीही नोटीस आली आहे. त्याच स्टेन्सिलने अकरा टी-शर्ट छापून विकलेत. मित्र म्हणतो, स्टेन्सिल जाळ आणि अकाउंट उडव. काय करू? की हे सगळं सोडूनच देऊ?

उत्तर : प्रकरण तुम्हाला वाटतंय तितकं वाईट नाही. मित्राचं ऐकलंत तर मात्र होईल.

शेपर्ड फेअरी या अमेरिकी कलाकाराने 2008 साली ओबामांचं ‘होप’ पोस्टर केलं. ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका फोटोवर बेतलेलं होतं. त्यावरून दावा सुरू झाला आणि 2011 मध्ये तडजोडीने मिटलाही. पण मधल्या काळात फेअरीने आपण भलताच फोटो वापरल्याचं सांगितलं, काही फाइल्स पुसल्या, काही नव्याने बनवल्या. मूळ भांडण मिटल्यावरही ही लपवाछपवी त्याला भोवली. 2012 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोन वर्षांची देखरेख, 300 तासांची समाजसेवा आणि 25,000 डॉलर दंड. पोस्टरपायी नव्हे, पोस्टरबद्दल खोटं बोलल्यापायी.

तेव्हा स्टेन्सिल, फोटोची मूळ फाइल, टी-शर्टचा हिशेब, काकांशी झालेले मेसेज, सगळं जसंच्या तसं ठेवा. चित्राची पोस्ट लोकांना दिसणार नाही अशी करा, पुसू नका. एक लक्षात घ्या, स्टेन्सिल जाळल्याने काही लपतही नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बाईच्या डाव्या डोळ्याखालचा जोड, म्हणजे साच्याचे कापलेले भाग धरून ठेवणारी पट्टी, तुम्ही लोक जिला ब्रिज म्हणता तो, तुटलेला दिसतोय आणि तिथून रंग ओघळलाय. टी-शर्टवर नेमक्या त्याच जागी तोच तुटका ब्रिज आहे. दोन्ही एकाच हातचं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता भिंत. कलमांचे आकडे देत नाही, ते देशोदेशी बदलतात आणि तुमच्या ठिकाणच्या वकिलालाच विचारायला हवेत. तत्त्व मात्र बहुतेक ठिकाणी सारखं आहे. भाडेकरूला जागा वापरायचा हक्क असतो. करारात तसं नसेल तर बाहेरच्या भिंतीचं रूप बदलायची परवानगी तो देऊ शकत नाही. इंग्लंडमधल्या फोकस्टनचा किस्सा याच मुद्द्याचा आहे. 2014 मध्ये बँक्सी या प्रसिद्ध ग्राफिटी कलाकाराने तिथल्या एका खेळघराच्या भिंतीवर चित्र काढलं. भाडेकरू कंपनीने भिंतीचा तो तुकडाच कापून विक्रीसाठी अमेरिकेला पाठवला. ग्राफिटी काढणं हा डागडुजीचा भाग, ती आमची जबाबदारी, असा त्यांचा बचाव. 2015 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तो फेटाळला आणि कापलेला तुकडा मालकाचाच ठरवला. म्हणजे बँक्सीचं चित्र असो की तुमचं, ते कोणाचं याचं उत्तर भिंतीच्या मालकापाशी जाऊन थांबतं.

पण मालकाची परवानगी नव्हती म्हणजे गुन्हा झालाच, असं नाही. घोडं इथेच पेंड खातंय आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. नुकसान करण्याच्या गुन्ह्यात साधारणपणे हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते. ‘परवानगी आहे असं मला प्रामाणिकपणे वाटलं’ हा बचाव इंग्लंडच्या 1971 च्या कायद्यात तर चक्क लिहिलेला आहे. काकांचा ‘ये रविवारी, शिडी देतो’ हा मेसेज म्हणून सोन्यासारखा आहे. त्याची प्रत आजच काढून दुसरीकडे ठेवा. आणि काकांशी भांडू नका. चिडलेला साक्षीदार कोणाच्याच कामाचा नसतो.

अख्खी भिंत रंगवून द्यायची का? भरपाई होते ती झालेल्या नुकसानाची, मालकाच्या मनातल्या नूतनीकरणाची नव्हे. मात्र ‘ठिगळ दिसेल, निदान ती बाजू तरी पूर्ण हवी’ असं मालक म्हणाले, तर त्यात तथ्य असू शकतं. दोन रंगाऱ्यांकडून लेखी अंदाज मागवा आणि त्यावर बोला. स्वतः थिनर घेऊन घासायला जाऊ नका. जुन्या विटेत रंग आणखी मुरतो आणि नुकसान वाढतं, तेही या वेळी पूर्ण जाणीव असताना केलेलं.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट फोटोत दिसते. कडेचा पाइप आणि खिडकीची काच यांच्यावर रंगाचं धुकं बसलंय. स्टेन्सिलच्या चारी बाजूंना कागद चिकटवला नाहीत ना? ती खिडकी शेजारच्या इमारतीची असेल, तर तो तिसरा माणूस आहे, आणि त्याच्या बाबतीत काकांचा मेसेज कामाचा नाही. तो काही बोलायच्या आत त्याला भेटा, विचारा आणि काच साफ करून द्या.

मालकाला पत्र लिहा, छोटं. त्रास झाल्याबद्दल खेद व्यक्त करा, पण ‘परवानगी नसताना रंगवलं’ असं वाक्य त्यात नको. तो माफीनामा राहत नाही, कबुलीजबाब होतो. रक्कम ठरली तर ‘याने हा विषय पूर्णपणे मिटला, तक्रार करणार नाही’ असं त्यांच्या सहीचं लिहून घ्या आणि मगच पैसे द्या, पावतीसह. पोलिसांचं बोलावणं आलंच तर जा, नाव-पत्ता खरा सांगा, आणि जबाबाआधी वकील मागा.

खरी दुखरी बाजू नोटिशीची आहे. ‘फोटो दोन रंगांत सपाट केला, इतके टक्के बदलला, म्हणजे तो माझा झाला’ हा समज या क्षेत्रात घट्ट रुजलाय. असा कुठलाही टक्का कायद्यात नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अँडी वॉरहॉल या जगप्रसिद्ध चित्रकाराने छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या फोटोवरून केलेल्या गायक प्रिन्सच्या चित्राचा वाद आला. ते चित्र मासिकाला वापरायला दिलं होतं, म्हणजे फोटो ज्यासाठी विकला जातो त्याच कामासाठी. निकाल सात विरुद्ध दोन असा गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला. वॉरहॉलच्या नावाने जे पचलं नाही ते तुम्हा-आम्हाला कुठून पचायला! खाली श्रेय दिलं होतं असं तुम्ही लिहिता. चांगलं केलंत, पण श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. आणि फोटोवर कॉपीराइटची खूण नव्हती याला अर्थ नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांत हक्क आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही.

टी-शर्टची विक्री आजच थांबवा. अकरा हा आकडा लहान आहे, हीच तुमची ताकद. नोटिशीतली मुदत संपायच्या आत, वकिलामार्फत, ‘विक्री थांबवली आहे, इतके विकले, इतके पैसे आले, तडजोडीस तयार आहे’ असं उत्तर जाऊ द्या. इतक्यावर बरेच छायाचित्रकार रास्त रकमेवर थांबतात. गप्प बसणाऱ्यांना ते कोर्टात ओढतात.

सोडून द्यायचं का, हे खरं तर वकिलाला विचारायचा प्रश्न नाही, पण मी म्हणेन, नका सोडू. पुढचा चेहरा स्वतः काढलेल्या फोटोवरून कापा, त्या माणसाला विचारून. ‘भिंतीवर नको, कागदावर करून चिकटव’ असं कोणी सुचवेल. पॅरिसचा स्टेन्सिल कलाकार ब्लेक ल रा 1991 मध्ये पकडला गेल्यावर त्याच वाटेने गेला. त्यात वेळ कमी लागतो आणि भिंत कमी खराब होते, पण खळ लावायलाही परवानगी लागतेच.

परवानगीचा कागद एका पानाचा पुरे. सही मालकाची. भिंत कोणती, लांबी-रुंदी किती, तारीख कोणती, शिंतोडे कोण पुसणार, चित्राचे फोटो कोण वापरणार. आणि चित्र पुढे पुसायचा हक्क कोणाला, ते ठळक अक्षरात. न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्झ इमारतीच्या मालकाने परवानगीने काढलेली चित्रं 2013 मध्ये पूर्वसूचना न देता पांढरी केली. 2018 मध्ये कोर्टाने 21 कलाकारांना 67 लाख 50 हजार डॉलर द्यायला लावले, 2020 मध्ये अपिलातही ते कायम राहिलं. हे ऐकलेला मालक तुम्हाला भिंत द्यायला कचरेल; ‘तीस दिवसांची सूचना देऊन पुसता येईल’ एवढी ओळ त्याची धास्ती घालवते.

सध्या मात्र कटर बाजूला ठेवा. नोटिशीच्या पाकिटावरची तारीख बघा आणि मुदतीचे दिवस तिथून मोजा. पाकीट फेकलं नाहीत ना?