ते कंटाळले असतील का?

मी समुपदेशक आहे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एक तक्रार माझ्याकडे हमखास येते. शनिवार-रविवारी मित्रमंडळी राहून जातात आणि सोमवारी कुणीतरी समोर बसून म्हणतं, "मॅडम, दिवस नुसताच गेला हो. घरीच होतो, रात्री बाहेर जेवलो, बस. ते कंटाळले असतील का?" यंदा हे इतक्यांदा ऐकलं की लिहायलाच बसले.

ही गोष्ट चाळिशीतल्या एका बाईंची. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुनी मैत्रीण नवऱ्याला घेऊन दोन दिवस आली होती. "दुपारी तासभर कुणी बोललंच नाही," बाई सांगत होत्या. "मी दोनदा सरबत विचारलं. पत्ते काढले, परत ठेवले. रात्री हॉटेलात टेबल मिळायला अर्धा तास गेला. मी पाच-सहा वेळा सॉरी म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, 'पुरे गं आता.' चिडलीच होती ती." त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्यांना झोप नव्हती. एकेक वाक्य आठवून तपासणं चाललं होतं.

"नाही हो, आली असेल त्यांना मजा," असं म्हणणं मला सोपं होतं. मी ते कधीच म्हणत नाही. एक तर मी तिथे नव्हते, आणि दुसरं म्हणजे असा दिलासा संध्याकाळपर्यंतही पुरत नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना तो गप्प तास पुन्हा सांगायला लावला. फक्त डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं, मनाला वाटलेलं नाही.

"ती सोफ्यावर आडवी होती. चष्मा काढून पोटावर ठेवला होता. तोंड उघडं. झोपली होती."

"आणि तिचे यजमान?"

"पुस्तक वाचत होते. मधे उठले, फ्रिजमधून पाण्याची बाटली घेतली. न विचारता."

मग त्या थांबल्या. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "ती परक्या घरी झोपत नाही. कॉलेजच्या सहलीत रात्र रात्र जागी असायची."

सत्राच्या शेवटी मी कागद पुढे केला. या सगळ्या घालमेलीच्या बुडाशी जे एक वाक्य आहे, ते लिहा म्हटलं. त्यांनी लिहिलं, "माझ्या घरी आलेल्या माणसाला मजा आलीच पाहिजे." मी म्हटलं, "यातलं एकच अक्षर खोडायचं आहे." त्यांनी दोनदा वाचलं आणि 'च' खोडला. थोड्या वेळाने 'पाहिजे'ही खोडून वर लिहिलं, "आली तर मला आवडेल." ते मी सुचवलं नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिच्यावर माझा सगळा भर आहे. आपल्याला घटनेपेक्षा 'असंच व्हायला हवं' हा हट्ट जास्त छळतो, हे तिचं सार. तो हट्ट मराठीत एका अक्षरात मावतो, हे मला कामाच्या ओघात सापडलं. माणूस स्वतःच्या हाताने तो 'च' खोडतो, तेव्हा आजही माझ्या अंगावर काटा येतो.

समोरच्याला आपण किती आवडलो, याचा आपला अंदाज बहुतेक वेळा कमीच निघतो. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हे प्रयोगांतून दाखवलं. नव्याने एकत्र राहायला आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये तर ही तफावत कित्येक महिने टिकली होती. बाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे 'पुरे गं' हे मला गप्प करायला नव्हतं, मोकळं करायला होतं?" असू शकेल. निदान आता दुसरा अर्थ त्यांना सुचू तरी लागला होता.

तुमच्याकडे कुणी येणार असेल तर आधीच सांगून टाका, "काही ठरवलेलं नाही, दुपारी आडवं व्हायचं, रात्री बाहेर जेवू." बेत माहीत असला की पाहुणेही सैलावतात. गप्पा थांबल्या तर लगेच उठू नका. पाच मिनिटं त्याच खुर्चीत बसून राहा. सुरुवातीला हे फार जड जातं, मला कल्पना आहे. हॉटेलात उशीर झाला, पदार्थ बेताचा निघाला, तर त्यात तुमची चूक आहे का ते आधी बघा. असेल तर एकदा सॉरी म्हणा. आणि दुसऱ्या दिवशी "बोअर नाही ना झालात?" असा मेसेज अजिबात पाठवू नका. "छे, मस्त झालं!" हे उत्तर घटकाभर बरं वाटायला लावतं आणि पुढच्या वेळी तोच प्रश्न दुप्पट जोराने उठतो. मेसेज करायचाच तर "तू आलीस, मला छान वाटलं," एवढाच करा.

मात्र या भीतीपायी तुम्ही लोकांना बोलावणंच बंद केलं असेल, झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर लेख वाचून थांबू नका. तज्ज्ञांना भेटा.

महिन्याभराने बाई शेवटच्या भेटीला आल्या. मैत्रीण पुन्हा येऊन गेली होती. "काय केलंत?" मी विचारलं.

"दुपारी मीच आधी झोपले. उठले तर ती स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधत होती. मी पडल्या पडल्या सांगितलं, वरच्या फळीवर, डावीकडे."