'पेसेतेरो'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : "फुटबॉलपटू लुईस फिगो बार्सिलोना क्लब सोडून रियाल माद्रिदला गेला, तेव्हा बार्सिलोनाचे चाहते त्याला 'पेसेतेरो' म्हणून ओरडत होते असं वाचलं. एका ठिकाणी त्याचं मराठी 'भाडोत्री' केलं होतं, दुसऱ्या ठिकाणी 'गद्दार'. बरोबर कोणतं?"

मला दोन्ही पटत नाहीत, आणि न पटण्याची कारणंही वेगवेगळी आहेत. पण आधी त्या स्पॅनिश शब्दाकडे नीट बघू, कारण त्याच्या पोटात एक नाणं आहे. ते विसरलं की भाषांतर फसतं.

पेसेता हे स्पेनचं जुनं चलन. १८६८ साली ते अधिकृत झालं (त्या नावाचं नाणं आधीपासून चालत होतं) आणि २००२ मध्ये युरोच्या नोटा-नाणी आल्यावर व्यवहारातून गेलं. शेवटी एका युरोला १६६.३८६ पेसेता असा दर ठरला होता. म्हणजे एक पेसेता ही काही मोठी रक्कम नव्हे. 'पेसेतेरो' म्हणजे या पेसेतावर जीव असलेला, पैशासाठी हलका होणारा माणूस. शब्द फुटबॉलपेक्षा जुना आहे. १८३०च्या दशकात स्पेनमध्ये गादीवरून यादवी युद्ध झालं. त्यात राणीच्या बाजूने लढणाऱ्या काही पथकांतल्या शिपायांना रोज एक पेसेता मिळे, म्हणून त्यांना 'पेसेतेरो' म्हणत. रोजंदारीवर मारामारी करणारे, असा त्यातला भाव.

इथवर वाचून कुणी म्हणेल की मग 'भाडोत्री' काय वाईट आहे? भाडोत्री सैन्य, भाडोत्री मारेकरी, जुळतंय की. जर्मन चाहते अशा खेळाडूला 'झोल्डनर' म्हणतात, म्हणजे अगदी भाडोत्री शिपाईच, आणि त्या शब्दाच्या मुळाशीही 'सोलिदुस' हे रोमन नाणं आहे. पण मराठीतला 'भाडोत्री' हा *आणलेल्या* माणसाचा शब्द आहे. बाहेरून आणला, काम करून घेतलं, पैसे दिले, गेला. त्याच्या जाण्याचं कुणाला दुःख नसतं. सायकल भाड्याने आणली आणि संध्याकाळी परत केली, तर रडतं कोण? माद्रिदचा एखादा खवचट माणूस फिगोला 'भाडोत्री' म्हणू शकला असता. बार्सिलोनाच्या माणसाची जखम वेगळी होती. ज्याला घरचा मानला तो उठून गेला, ही ती जखम.

आणि घरचा मानला होता हे खरंच. १९९५ साली लिस्बनच्या स्पोर्टिंगमधून आलेला हा पोर्तुगीज मुलगा पाच वर्षांत तिथल्या लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. दोन वेळा लीग जिंकून दिली. मग २००० चा उन्हाळा आला. रियाल माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती. फ्लोरेंतिनो पेरेस यांनी सभासदांना वचन दिलं की निवडून आलो तर फिगोला आणीन, आणि नाही आणला तर तुमची वर्गणी मी भरीन. (आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या निवडणुकीतही असं कुणी बोलत नाही.) ते निवडून आले. फिगोच्या करारात त्याला सोडवून नेण्याची रक्कम लिहिलेली होती, सुमारे एक हजार कोटी पेसेता, म्हणजे साधारण सहा कोटी युरो. ती भरली गेली. तोवरच्या फुटबॉलमधली ती सगळ्यात मोठी रक्कम.

इथे 'विकला गेला' या मराठी प्रयोगाबद्दल थोडं. पूर्वी "अमका विकला गेला" म्हटलं की त्याने इमान विकलं एवढाच अर्थ व्हायचा. आयपीएलचे लिलाव सुरू झाले आणि त्या वाक्यातला डंख पार निघून गेला. आता "अमुक कोटींना विकला गेला" ही अभिनंदनाची बातमी असते, गावात पेढे वाटतात. फिगोच्या बाबतीत तर बार्सिलोनाने त्याला विकलंच नव्हतं, ठरलेली रक्कम टाकून समोरच्यांनी नेला. म्हणून त्याच्याविषयी 'विकला गेला' लिहिलं तर आजचा वाचक भलताच अर्थ घेईल.

आता 'गद्दार'. फिगो गेला तो थेट वैऱ्याच्या घरी, आणि जाण्याआधी काही दिवस बार्सिलोनातल्या एका क्रीडा-दैनिकाला आपण राहणार असं सांगून गेला. तेव्हा गद्दारीचा आरोप झालाच. 'त्राइदोर' म्हणजे दगाबाज, 'जुदास' म्हणजे येशूला पकडून देणारा त्याचाच शिष्य, हे शब्दही स्टेडियममध्ये होतेच. पण ते *वेगळे* शब्द होते. इंग्लंडमध्ये सोल कॅम्पबेल २००१ साली टॉटनहॅम सोडून शेजारच्या आर्सेनलला गेला, तेव्हा चाहत्यांनी त्याला 'ज्युडास' ठरवलं. तिथे त्यांनी दगाबाजीवर बोट ठेवलं. 'पेसेतेरो' बोट ठेवतो ते हावेवर. दोन्हींचं मराठी 'गद्दार' केलं तर एकच आरोप दोनदा केल्यासारखं होतं, आणि दुसरा आरोप सुटूनच जातो. शिवाय २०२२ नंतर महाराष्ट्रात 'गद्दार' शब्द इतका एका राजकीय प्रसंगाला चिकटला आहे, की फुटबॉलच्या लेखात तो आला तरी वाचकाला गुवाहाटी आठवते.

दगाबाजीसाठीच शब्द हवा असेल तर मी 'फितूर' घेईन. हिंदीत फितूर म्हणजे डोक्यातलं खूळ. मराठीत मात्र आतून शत्रूला मिळालेला. कोर्टात साक्षीदार फितूर होतो तो याच अर्थाने. राहतो म्हणून गेला, त्याला तो शोभतो.

'नमकहराम' हाही एका वाचकाने सुचवला होता. वरवर गंमत वाटते, पण बार्सिलोनापुरता तो विचार करण्याजोगा आहे. हा क्लब कुणा शेठचा नाही, वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या मालकीचा आहे. खेळाडूने खाल्लेलं मीठ तिथे खरोखरच स्टँडमध्ये बसलेल्या माणसाचं असतं. शेठच्या मालकीच्या क्लबाला हा शब्द लावला तर मात्र प्रश्न पडतो की मीठ नक्की कुणाचं?

जाता जाता आणखी एक. आपण मराठीत एकनिष्ठ खेळाडूला कौतुकाने 'संघाचा शिलेदार' म्हणतो. मराठा फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला आलेला स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. घोडं स्वतःचं म्हणजे मोल मागायची ताकदही स्वतःची. त्या हिशेबाने फिगो अस्सल शिलेदार ठरतो आणि आपल्या वर्तमानपत्रांतले 'निष्ठावंत शिलेदार' बहुतेक बारगीर. शब्द असे फिरतात. 'पगार' हा शब्द तरी कुठून आला? पोर्तुगिजांकडून, त्यांच्या 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे यावरून. फिगोच्या मायबोलीतूनच.

तर मग 'पेसेतेरो'चं काय?

२१ ऑक्टोबर २००० ला फिगो माद्रिदच्या पांढऱ्या सदऱ्यात पहिल्यांदा बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानावर उतरला. कानठळ्या बसवणाऱ्या शिट्ट्या, त्याचा चेहरा छापलेल्या खोट्या पेसेतांच्या नोटा, अंगावर नाणी. त्या दिवशी तो कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून, प्रेक्षकांच्या अगदी जवळून मारायची किक, घ्यायला गेलाच नाही. बार्सिलोनाने २-० असा सामना जिंकला. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, तो कॉर्नर घ्यायला गेला. बाटल्या आल्या, नाणी आली आणि डुकराच्या पिल्लाचं मुंडकंही आलं. रेफरीला खेळ थांबवावा लागला. लोकांना मुंडकं लक्षात राहिलं. मला नाणी महत्त्वाची वाटतात. तोवर पेसेता व्यवहारातून गेली होती, खिशात युरो आले होते, पण ओरडताना शब्द 'पेसेतेरो'च. मेलेलं नाणं शिवीत जिवंत राहतं. आपल्याकडे दमडी, कवडी, छदाम यांचं तेच झालं. दमडीने काही विकत घेतलेला माणूस आज सापडणार नाही, पण "एक दमडी देणार नाही" रोज ऐकू येतं.

नाण्यावरून टोमणा मारायचा तर आपल्याकडे ताजा माल आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी दिलेली 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा. खोका म्हणजे एक कोटी. त्या हिशेबाने फिगोचे एक हजार कोटी पेसेता म्हणजे बरोब्बर हजार खोके! 'खोकेवाला' हा 'पेसेतेरो'चा सख्खा भाऊ आहे असं मलाही बरेच दिवस वाटायचं. आता वाटत नाही. खोका मोठा आहे. 'खोकेवाला' म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कुठेतरी रकमेचा दरारा असतो, थोडी असूयाही असते. 'पेसेतेरो'त उलटं घडतं. माणसाने नेले हजार कोटी आणि ओरडणारा म्हणतो, तू एका पेसेतासाठी गेलास. रक्कम मुद्दाम लहान करायची, म्हणजे माणूसही लहान होतो. फिगो पुढे सांगत राहिला की बार्सिलोनात आपली कदर होत नव्हती. स्टँडमधल्यांना कदर ऐकू आली नाही, फक्त किंमत ऐकू आली, आणि तीही त्यांनी पेसेतावर आणून ठेवली.

इटलीतल्या चाहत्यांनी २०१७ मध्ये, मिलान क्लबशी करार वाढवायला नकार दिलेल्या गोलकीपर दोन्नारुम्माच्या गोलजवळ खोट्या डॉलरच्या नोटा फेकल्या आणि त्याचं नावच 'डॉलरुम्मा' करून टाकलं. शाब्दिक कोटी झकास आहे, पण तिथे डॉलर मोठाच राहिला.

लहान करण्याची ही खोड मराठीत अगदी घरची आहे. "चार पैशांसाठी गेला", "चार दमड्यांसाठी माणसं सोडली". पैसे कितीही असोत, म्हणताना चारच. त्यामुळे लेखात, बातमीत भाषांतर करायचं असेल तर एका शब्दाचा हट्ट सोडा आणि सरळ लिहा : 'चार दमड्यांसाठी गेलेला'. अर्थही येतो, तुच्छताही येते.

पण स्टेडियममध्ये चार शब्द ओरडता येत नाहीत. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने बघताना, गेल्या हंगामात आपल्या पेठेकडून खेळलेला पोरगा समोरच्या रंगात उतरला की मागून ठेवणीतलं येतं : "खोबरं तिकडं चांगभलं!" जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं उधळणाऱ्या गावाला ही म्हण शिकवावी लागत नाही. अर्थाने ती 'पेसेतेरो'च्या फार जवळ आहे. फक्त तिच्यात राग कमी आणि हसू जास्त. त्या पोराला पुढच्या वर्षी परत यायला दार उघडं असतं. फिगोला ते नव्हतं.

रागासकट, एका शब्दात आणि ओरडण्याजोगं हवं असेल, तर माझी सूचना 'दमड्या'. दमडीचं अनेकवचनही तेच आणि धोंड्या, बाळ्या या चालीवरचं टोपणनावही तेच. तो माणूसच चिल्लर होऊन जातो. कोशात या अर्थाने सापडणार नाही, हा मी घडवलेला वापर आहे. छापताना आधी एकदा 'पेसेतेरो' लिहून मगच तो वापरा. आणि ओरडून बघायचा असेल तर शेवटच्या अक्षरावर जोर द्या, 'ड्या' लांबवा.