घडीच्या चाकूंचा संग्रह सुरू करायचाय. हवेतच असे चार-पाच कोणते?

तुम्ही लिहिलंय की बजेट बेताचं आहे, काचेचं कपाट भरायचं नाही, पण ज्यांच्याशिवाय संग्रह अपुरा वाटेल असे चार-पाच घडीचे चाकू सुचवा. माझ्याकडे आज एकोणीस आहेत. (बायकोच्या मते त्यातले अठरा जास्तीचे, आणि घरात भाजी चिरायला एक धड सुरी नाही.) पहिले सात मी नाव आणि चकाकी बघून घेतले होते. त्यातले पाच केव्हाच कुणाकुणाला देऊन टाकले. म्हणून आधी कसोटी सांगतो.

भोसरीत टूलरूममध्ये (कारखान्याचे साचे-अवजारं बनवायच्या खात्यात) आयुष्य गेलं म्हणून असेल, पण घडीचा चाकू हातात आला की मी एकच गोष्ट बघतो: काम करताना उघडं पातं बोटांवर मिटू नये म्हणून बनवणाऱ्याने काय केलंय? ठिकठिकाणच्या लोकांनी याची वेगवेगळी उत्तरं काढली. प्रत्येक उत्तराचा एकेक चाकू घ्या. पाचांत काम होतं.

पहिलं उत्तर म्हणजे काहीच न करणं. जपानमध्ये ह्योगो प्रांतात मिकी नावाचं अवजारांचं जुनं गाव आहे, तिथला हिगोनोकामी घ्या. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं, एक रिव्हेट, संपलं. कमान नाही, खटका नाही. पात्याच्या बुडाशी शेपटीसारखा तुकडा बाहेर आलेला असतो, त्यावर अंगठा दाबून धरायचा. अंगठा हाच खटका. एके काळी जपानी शाळकरी पोरांच्या दप्तरात पेन्सिलीला टोक करायला हा असायचा. १९६० साली समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली. ती आखूड तलवारीने झाली होती, पण त्यानंतर पोरांच्या हातात पातं नको अशी मोहीमच निघाली आणि हा गरीब चाकू त्यात भरडला गेला. आता मिकीत हे नाव लावून बनवणारा एकच कारखाना उरलाय. पातं ढिलं झालं तर रिव्हेटवर हातोडीने हलकेच टिचकी मारायची, घट्ट होतं.

दुसरं उत्तर कमान. पात्याचं बूड चौकोनी घासायचं आणि पाठीला पोलादी पट्टी ताणून बसवायची. पट्टी सपाट कडेवर बसली की पातं उघडं राहतं, जोर लावला की मिटतं. यात व्हिक्टोरिनॉक्सच घ्या. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये इबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ मध्ये सैन्याला पहिले चाकू पुरवले. गंमत म्हणजे त्याआधीची सैन्याची पहिली ऑर्डर जर्मनीत झोलिंगेनला गेली होती, कारण एवढी मोठी ऑर्डर पेलणारा कारखाना देशात नव्हता. व्हिक्टोरिया हे कार्ल यांच्या आईचं नाव, पुढचं ‘इनॉक्स’ म्हणजे न गंजणारं पोलाद. दोन्ही १९२१ मध्ये जोडली गेली. कुणीतरी स्वित्झर्लंडहून आणलेला, टूथपिकवाला लाल चाकू बऱ्याच घरांत असतो. तो असेल तर असू द्या, पण संग्रहासाठी खरबरीत ॲल्युमिनियमच्या मुठीचा घ्या: ९३ मिलिमीटरचा पायोनियर किंवा ८४ चा कॅडेट. कानाजवळ नेऊन मिटून बघा. तो ‘टक्’ आवाज इतका नेमका आहे की रात्रपाळीत मी उगाचच उघडझाप करत बसायचो.

तिसरं उत्तर माझं सगळ्यांत लाडकं. फ्रान्समध्ये आल्प्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये साधा लाकडी मुठीचा चाकू काढला, आणि १८९७ पासून त्याचे १ ते १२ असे आकार ठरले. क्रमांक म्हणजे कंपनीची मॉडेलं नव्हेत, मापं आहेत. तुम्ही ८ घ्या, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन जेमतेम पन्नास ग्रॅम. सुरुवातीला त्यालाही खटका नव्हता. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेलने मुठीच्या तोंडाशी एक फिरती कडी बसवली. कडी फिरवली की तिची फट पात्यापासून सरकते आणि पातं अडकतं. बस्स. पन्नास पार्टची यंत्रं बनवणाऱ्या माणसाला हे बघून लाज वाटते.

ओपिनेल दोन पोलादांत मिळतो, कार्बन आणि इनॉक्स. सगळे इनॉक्स सुचवतील. मी कार्बन म्हणतो, पण काय होतं ते आधी ऐका. पहिल्या मे महिन्यात मी तो गुहागरला घरी नेला आणि पडवीत बसून कैऱ्या चिरल्या. तिसऱ्या कैरीला पात्यावर निळसर-करडे ढग उठले, पाचवीला फोडींच्या कडा काळपट झाल्या, आणि आईने ते ताट माझ्याकडेच परत सरकवलं. हा गंज नव्हे. आंबटपणाने पोलादावर चढलेला थर आहे, आणि तो खऱ्या तांबड्या गंजाला थोडाफार अडवतोही. आता माझं पातं पावसाळी आभाळासारखं दिसतं आणि मला ते नव्यापेक्षा आवडतं. जुलैत मात्र कोकणाने हिसका दाखवला. मूठ बीच लाकडाची, दमट हवेत फुगली आणि पातं आत असं रुतलं की नखाने निघेना. यावर सावोआच्या लोकांची जुनी युक्ती आहे: मुठीचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं झटक्याने थोडं वर येतं. नंतर मी मुठीला आतून जवसाचं तेल पाजलं, तेव्हापासून त्रास कमी आहे.

चौथा, अमेरिकेतला बक ११०. १९६० च्या दशकात आला आणि पाठीकडून अडकणारा चाकू म्हटलं की अजून लोकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो. पाठीची पट्टी तरफेसारखी आहे, पुढचं टोक पात्याच्या खाचेत पडतं, मागे दाबलं की सुटतं. पितळी टोकं, गडद लाकूड, वजन दोनशे ग्रॅम. खिशात ठेवला की विजार खाली ओढली जाते. रोज वापरायला मी कधीच सुचवणार नाही, पण हातात घेतल्यावर तुम्हाला कळेल हा यादीत का आहे.

पाचवा लायनर लॉकचा. मुठीच्या आतली पातळ पत्र्याची पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली येते. एका हाताने उघडतो, एका हाताने मिटतो. याचाच दणकट भाऊ म्हणजे फ्रेम लॉक, त्यात पातळ पट्टीऐवजी मुठीच्या एका बाजूचाच जाड भाग पात्याच्या बुडाखाली येतो. तो दक्षिण आफ्रिकेहून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्हने सेबेंझा या चाकूत आणला. झुलू भाषेत सेबेंझा म्हणजे काम. त्याची किंमत बघून मी फोन खाली ठेवला. साधा लायनर लॉक कुठल्याही बऱ्या कंपनीचा चालेल, पण इथे स्वस्तात जाऊ नका. मी एकदा रस्त्यावरच्या दुकानातून बिननावाचा घेतला होता. पट्टी पात्याच्या बुडाला जेमतेम शिवत होती. मला, टूलरूमवाल्याला, ते दिसलंही होतं. खोका फोडताना टोक अडकलं, पट्टी निसटली आणि तर्जनीला चार टाके पडले. घेण्याआधी चाकू उघडून प्रकाशासमोर धरा. पट्टीची पूर्ण जाडी पात्याखाली आली पाहिजे.

लोक तुम्हाला लायोल घ्यायला सांगतील, तो मधमाशीचं चिन्ह असलेला फ्रेंच चाकू. सुंदर असतो, पण लायोल ही एक कंपनी नव्हे, गावाचं नाव आहे, आणि ते कुणीही पात्यावर ठोकतं. कोणत्या कारखान्याचा आहे ते कळल्याशिवाय पैसे टाकू नका. रामपुरीचं म्हणाल तर हिंदी सिनेमाने त्याला खलनायकांच्या हातात देऊन बदनाम केलं. २०२३ मध्ये रामपूरमधल्या एका चौकात वीसेक फुटांचा भला मोठा चाकू उभारला गेला, पण घरात ठेवायला मी तरी अजून घेतलेला नाही.

सांभाळण्याबद्दल थोडं. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवू नका, पितळ हिरवं होतं आणि कार्बन पोलाद गंजतं. बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब पुरतो. खोबरेल नको, चिकट होतं.

आणि कायदा. भारतात शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची नोंद आहे, घरगुती आणि शेतीची अवजारं वगळून. आपले पाचही त्यात बसत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्च्यांच्या वेळी मनाईचे हुकूम निघतात आणि त्यात चाकूही येतात, तेव्हा संग्रह घरातच बरा. विमानाला जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. माझा एक कॅडेट हातातल्या बॅगेत राहिला आणि कायमचा गेला.

नवा कॅडेट घेतला तोही माझ्याकडे टिकला नाही. भाचा लंडनला निघाला होता, त्याला बक हवा होता. तिकडे कारणाशिवाय खिशात ठेवायला तीन इंचांच्या आतल्या पात्याचा, न अडकणारा घडीचा चाकूच चालतो. म्हणजे तिथला कायदाही पहिल्यांदा हेच विचारतो, की उघडल्यावर हा अडकतो का. बक माझ्याकडे राहिला, कॅडेट त्याच्याबरोबर गेला.