पुरुष ‘सुंदर’ की ‘रुबाबदार’?

विचारणा अशी आहे: किमुरा ऱ्योको या जपानी चित्रकार बाईंवरच्या लेखात ‘सुंदर पुरुषांची चित्रे’ असं लिहिलं होतं. मुद्रितशोधनात ‘सुंदर’ खोडून तिथे ‘रुबाबदार’ आलं. बरोबर कोणतं? आणि ‘बिजिनगा’ या जपानी चित्रप्रकाराला मराठीत काय म्हणायचं?

माझं मत ठामपणे ‘सुंदर’च्या बाजूने.

आधी बिजिनगा. ‘बि’ म्हणजे सुंदर, ‘जिन’ म्हणजे माणूस, ‘गा’ म्हणजे चित्र. अक्षरार्थात बाई कुठेच नाही. रूढार्थाने मात्र ‘बिजिन’ म्हणजे सुंदर स्त्रीच. अठराव्या शतकाच्या अखेरीस चित्रकार उतामारोने केलेली ठशांची चित्रं घ्या, नाहीतर उएमुरा शोएन (१८७५–१९४९) यांची रेशमावरची. बिजिनगात दिसतात त्या स्त्रियाच. शोएन स्वतः स्त्री असूनही त्यांनी रंगवल्या त्या प्रामुख्याने स्त्रियाच.

१९७१ साली क्योतोत जन्मलेल्या किमुरांनी ही रूढीच उलटवली. शिक्षण तैलचित्रांचं, पण हात निहोंगावर, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीवर बसवला. त्यात खनिजाची पूड सरसात कालवून रंग करतात. एकच निळा दगड भरड कुटला तर गडद निळा देतो, वस्त्रगाळ केला तर फिकट आकाशी. एवढ्या निगुतीच्या कामातून त्यांनी घडीच्या पडद्यांवर आजचे तरुण रंगवले. त्यांच्या अशा एका जोडपडद्याचं नावच ‘पुरुषांचं नंदनवन’ अशा अर्थाचं आहे. पाहणारी स्त्री, आणि जिच्याकडे पाहायचं त्या सुंदरीच्या जागी पुरुष.

म्हणून ‘रुबाबदार’ इथे चालत नाही. रुबाब वागण्याबोलण्यात असतो, त्यात अधिकार येतो. ‘राजबिंडा’त अंगकाठी आणि थाट येतो. नुसतं रूप सांगणारे आपले शब्द दोनच, सुंदर आणि देखणा. ‘देखणा’ मला मनापासून आवडतो, कारण तो ‘देखणे’ या क्रियापदातूनच आला आहे. पण बिजिनगातला ‘बि’ थेट पोचवतो तो ‘सुंदर’च.

‘सुंदर’ पुरुषाला शोभत नाही, ही समजूत मराठीत कुठून शिरली कोण जाणे! ‘सुंदर ते ध्यान’ म्हणताना तुकोबांसमोर विठ्ठल आहे, आणि ‘राजस सुकुमार’ही त्यांनी त्यालाच म्हटलं आहे. जपानीतही असाच दाखला आहे. कामाकुरा इथल्या बुद्धाच्या भव्य मूर्तीवरच्या योसानो आकिको यांच्या कवितेत येतं ‘बिनान नि ओवासु’. ‘बिनान’ म्हणजे सुंदर पुरुष, आणि ‘ओवासु’ हे ‘असणे’चं आदरार्थी रूप. बुद्ध असले तरी रूपाने सुंदर पुरुषच आहेत, असं कवयित्री बेधडक म्हणते. २०२१ मध्ये साइतामाच्या आधुनिक कला संग्रहालयात चित्रांतल्या सुंदर पुरुषांवर प्रदर्शन भरलं, तेव्हा त्याला हेच शब्द नाव म्हणून दिले. किमुरांची चित्रंही त्यात होती.

जाता जाता: किमुरांच्या संदर्भात ‘इकेमेन’ हा शब्दही भेटेल. तो अलीकडचा, बोलीतला. आपल्याकडे पोरी ‘चिकणा’ म्हणतात, साधारण त्याच चालीचा. लेखाच्या मजकुरात तो नको, कोणाच्या तोंडी असेल तर खुशाल ठेवा.

बिजिनगा हा शब्द आहे तसाच ठेवावा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्यावा. ‘सुंदरींची चित्रे’ केलं तर त्यातला ‘माणूस’ निघून जातो, आणि किमुरांनी नेमकं काय केलं ते वाचकाला उमगणार नाही. पुरुषांच्या चित्रांसाठी तुमचं मूळचं ‘सुंदर पुरुषांची चित्रे’ परत घाला.